कप्तानाशी राहिलेलं भांडण

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलीच होते. चार दिवस झाले होते चिडून. गुरुवारची सकाळ, मी सौंसरच्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते आणि येत्या रविवारी रामाकोन्याला गेल्यावर तिला काय काय सुनवायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव चालली होती. चांगली तीन-चार वाक्यं जमलीही होती. तेवढ्यात प्रज्ञाचा, तिच्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई गेली सकाळी." यावर माणूस काय बोलतं? अगं बाई म्हणतं, रडतं, निदान कधी, कशी ते विचारतं. मी म्हटलं, "असं कसं? माझं बोलणं व्हायचं होतं तिच्याशी." मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून टाकली. रडू आलं ते दुपारी, भांडी घासताना.

या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. मधल्या काळात याच पुरवणीत थोर कप्तानांवर एक अख्खं पान आलं होतं. मी ते दोनदा वाचलं. बुडत्या जहाजावरून सगळ्यात शेवटी उतरणारे कप्तान, तुटपुंजी फौज घेऊन डोंगर चढणारे, हातात कप घेऊन फोटोत हसणारे. सगळे एकतर जिंकलेले नाहीतर मेलेले. माझ्या ओळखीत आयुष्यात एकच कप्तान झाली, कुसुम. ती छिंदवाड्याच्या जिल्हा फायनलमध्ये एका गुणानं हरली आणि त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षं जगली, संत्र्याच्या पेट्या भरल्या, अंगणवाडीत पोरांची नाकं पुसली. अशांचं पान कोण काढतं? म्हणून मीच लिहायला बसले. तिची नुसती आरती मात्र माझ्याच्यानं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. सौंसरात पोरींची खो-खोची टीम होती, याचं आज कोणाला खरं वाटत नाही. शाळेचे खेळाचे सर बदली होऊन गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि टीम मोडायला निघाली तेव्हा कुसुमनं ती उचलली. ती एकोणीस वर्षांची, दहावी पास, वडील एका संत्र्याच्या बगीच्यात सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारे. कापसाच्या जिनिंगच्या मागं मोकळं मैदान होतं, तिथं तिनं स्वतः खांब रोवले. पोरी गोळा करायची तिची रीत अशी की पोरीशी बोलायचंच नाही, थेट तिच्या आईशी बोलायचं. कारण पोरी एका पायावर तयार असायच्या, अडायचं ते आईपाशी. कोणाच्या आईला सांजच्या स्वयंपाकाची चिंता, कोणाला पोरगी काळी पडायची. कुसुम प्रत्येकीला काहीतरी शब्द द्यायची आणि तो पाळायची. एकीला दिवेलागणीच्या आत दारात सोडायची, दुसरीच्या घरी स्वतः जाऊन दळण आणून द्यायची. त्या शब्दांवर ती टीम चालली होती. त्यात एकीचं लग्न ठरलं, दुसरीची सोयरीक झाली, आणि उरल्या आठ जणी. मैदानात उतरायला नऊ लागतात. म्हणून ती आमच्या घरी आली.

मी सोळा वर्षांची होते, शरीरानं जाड, आणि पळणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षा. पण मला त्या टीममध्ये जायचं होतं, काहून ते विचारू नका, त्या वयात कारण लागत नाही. कुसुम अंगणात उभी राहिली. आमची माय ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती. तिनं बस म्हटलं नाही. आमचं घर कुणब्याचं, कुसुम बौद्धांच्या मोहल्ल्यातली, आणि त्या दिवसांत आमच्या ओसरीवर कोणी बसायचं, कोणी अंगणातच उभं राहायचं, हे न सांगता ठरलेलं होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढचं काही कळायचंच नाही.

माय सूप न थांबवता म्हणाली, "माही पोट्टी तिथं खेळन, का तुमच्या पोट्ट्यायले पाणी पाजत बसन?"

"नाही काकू," कुसुम म्हणाली. "शोभा मैदानात खेळन. हरेक मॅच खेळन. एकही मॅच बाहेर बसन नाही. माहा शब्द आहे."

"तुमच्या शब्दाचं काय लोणचं घालू मी?"

कुसुमचा चेहरा मला दिसत होता. तो जरासाही हलला नाही. ती एवढंच म्हणाली, "घालून पाहा काकू, टिकते का." माय हसली, म्हणजे तिला ते धिटाईचं बोलणं आवडलं असावं, आणि तिनं जा म्हटलं. मी मागच्या दारानं पळाले. त्या वयात मला त्यात अपमान वगैरे काही दिसला नव्हता. मला परवानगी दिसली.

खेळाडू म्हणून मी काय होते ते सांगते. खो मिळाल्यावर उठायला मला जितका वेळ लागायचा तितक्यात पळणारी पोरगी खांबाला वळसा घालून यायची. कुसुमनं मला शिकवायचा लय प्रयत्न केला. माझ्यावर रागवायची नाही, हे तिचं मला तेव्हाही पटत नव्हतं. बाकी पोरींवर डाफरायची, "व मंदा, झोपून राहिली काय?" आणि माझ्या वेळी, "होते होते, रोज थोडं थोडं." पाण्याचा माठ ती स्वतः जिनिंगच्या नळावर भरून डोक्यावर आणायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. सुरुवातीला मी घरून माझी वेगळी बाटली न्यायचे, मायनं दिलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ते तिनं पाहिलं. पुढं ते कधी बंद झालं, मला आठवत नाही.

माझ्यासाठी तिनं एक युक्ती काढली होती. खो-खोत पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात येतात, आणि कोणती तुकडी आधी, कोणती नंतर, हे कप्तान ठरवते. कुसुमनं मला शेवटच्या तुकडीत टाकलं. पहिल्या तुकडीत ती स्वतः असायची आणि ती अशी पळायची की पाळी संपायला येईपर्यंत पहिल्या दोनच तुकड्या पुरायच्या. माझ्यापर्यंत कोणी पोचायचंच नाही. मी नऊ जणींत असायचे, कागदावर माझं नाव असायचं, आणि नुकसान कोणाचं नाही. पांढुर्ण्याला तीन मॅच झाल्या, तिन्ही जिंकलो, मी तिन्ही खेळले म्हणायला मोकळी. मधल्या काळात लोधीखेड्याची बेबी सौंसरात तिच्या मावशीकडे राहायला आली आणि टीममध्ये शिरली. बेबी म्हणजे वारा. आता आम्ही दहा जणी झालो. सरळ हिशेब होता की नववी बेबी आणि बाहेर मी. कुसुमनं तो केला नाही. बेबीला तिनं राखीव ठेवलं, एखादी पोरगी दमली किंवा पाय मुरगळला तर तिच्या जागी घ्यायची, माझ्या जागी कधीच नाही. पोरी कुजबुजायच्या. बेबी कुजबुजायची नाही, ती नुसती माझ्याकडं पाहायची.

छिंदवाड्याला आम्ही छोट्या लाईनच्या गाडीनं गेलो. ती गाडी चढावर इतकी हळू चालायची की मंदा उतरून पाच-दहा पावलं सोबत पळाली आणि परत चढली. सगळ्या हसत होत्या, कुसुम हसत नव्हती. तिच्या पिशवीत एक फॉर्म होता, हे मला तेव्हा माहीत होतं, सगळ्यांनाच होतं. जिल्हा जिंकला की संभागाच्या, म्हणजे विभागाच्या टीमसाठी निवड, आणि कप्तानाचं नाव तर पहिलं. संभागाचं सर्टिफिकेट लागलं की सरकारी नोकरीच्या भरतीत वजन पडायचं. तिनं तो फॉर्म सगळा भरून ठेवला होता, खेळाचा रकाना तेवढा कोरा. सालदाराच्या पोरीला सौंसरात दुसरा कोणता दरवाजा उघडा होता, मला कोणी सांगावं. तिच्यापाशी एवढा एकच होता.

फायनल यजमान टीमशी. शेवटची पाळी आमची पळायची होती आणि आम्ही सहा गुणांनी पुढं होतो. म्हणजे आमच्या सहा जणी बाद झाल्या तर बरोबरी, सातवी झाली की हार. सहा जणी म्हणजे पहिल्या दोन तुकड्या. सातवी म्हणजे तिसऱ्या तुकडीतली कोणीतरी... म्हणजे मीच, दुसरं कोण? पाळ्यांच्या मध्ये जरा वेळ मिळतो, तेव्हा मी कुसुमचा हात धरला. "कप्तान, मले बसव. बेबीले घे. मी मायले सांगतो, मीच म्हणली म्हणून." बेबी बाजूलाच उभी होती, केस घट्ट बांधून तयार. कुसुमनं माझा हात सोडवला. "नाही. शब्द देल्ला आहे." मी म्हटलं, "मायले काय समजते?" ती म्हणाली, "मले समजते ना." आणि तुकड्यांचा कागद पंचांच्या टेबलावर देऊन आली. बेबीनं केस सोडले.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण त्याच्यात लांबवण्यासारखं काही नाही. कुसुम दुसऱ्याच मिनिटाला बाद झाली. जी चार-चार मिनिटं एकटी पळायची, ती. तिचं चित्त पळण्यात नव्हतंच. मग एकेक करत सहाही गेल्या. आम्ही शेवटच्या तिघी आत गेलो तेव्हा मिनिटभर वेळ उरला असेल. मी खांबाकडं पळाले, वळले, आणि एका पोरीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मारला नाही, ठेवला, इतकी मी हळू होते. त्यांच्या मैदानात जो गोंगाट झाला तो अजून माझ्या कानात आहे. संभागाच्या टीममध्ये आमची एकही घेतली नाही. उपविजेत्यांचं एक गुलाबी सर्टिफिकेट प्रत्येकीला मिळालं, ते भरतीत कुठं चालणारं नव्हतं.

परतीच्या गाडीत कुसुमनं मला खिडकीजवळ बसवलं. सौंसरला उतरल्यावर तिनं मला एकटीला थांबवलं आणि म्हणाली, "तुह्या मायले सांगजो, शोभा हरेक मॅच खेळली." घरी जाऊन मी तसंच सांगितलं, रडत रडत, सगळी हकीकत. माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अव, मी त सहज म्हणली होती. तिनं तुले बसवलं असतं त माहं काय जात होतं?" आणि ताटात भाजी वाढली. मला ते ताट उचलून फेकावंसं वाटलं. फेकलं नाही, जेवले. आणि मायचं ते बोलणं मी कुसुमला कधी सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

पुढं कुसुमनं पांढुर्ण्याला संत्र्याच्या हंगामात पेट्या भरल्या, गवत पसरून, फळ मोजून, दिवसभर उकिडवं बसून. मग लग्न होऊन रामाकोन्याला गेली, तिथं अंगणवाडीत मदतनीस झाली, शेवटपर्यंत मदतनीसच राहिली. मी शिकले, घरानं शिकवलं, मास्तरीण झाले. मुलाखतीत माझ्या फायलीतलं ते गुलाबी सर्टिफिकेट पाहून एका साहेबांनी विचारलं, "जिल्ह्याची फायनल खेळल्या तुम्ही?" मी म्हटलं, "हो सर, खेळले." ते कौतुकानं हसले. त्या सर्टिफिकेटनं मला नोकरी दिली असं मी म्हणत नाही. पण मी हो म्हटलं, हे खरं आहे.

इतक्या वर्षांत आमचं जाणं-येणं राहिलं. तिच्या लेकीच्या बारशाला, माझ्या मुलाच्या लग्नाला. माय म्हातारी झाल्यावर तर कुसुम ओसरीवर, मायच्या शेजारी पलंगावर बसायची, आणि माय तिचा हात हातात घ्यायची. काळ बदलतो म्हणतात तो असा, माणसं थकली की. फायनलचा विषय मात्र आम्ही दोघींनी कधी काढला नाही. टीमच्या बाकी बायका भेटल्या की डोळे भरून म्हणायच्या, कुसुमसारखी कप्तान होणे नाही, शब्दासाठी नोकरीवर पाणी सोडलं तिनं, पोरीचं मन मोडलं नाही. त्या 'पोरीचं' म्हणजे माझं. मी मान खाली घालून ऐकायचे. मनात वाटायचं, हिनं माझ्यावर एवढं मोठं ओझं टाकलं आणि मला विचारलंसुद्धा नाही. माझ्यासाठी कोणी सांगितलं होतं तिला स्वतःचं वाटोळं करायला?

मागच्या वर्षी तिच्या किडन्या गेल्या. नागपूरच्या खेपा सुरू झाल्या. शेवटचे चार महिने मी दर रविवारी तिच्याकडं जायचे. त्या शेवटच्या रविवारी, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "कुसुम, एकदाचं सांगून टाक. तवा मले काहून नाही बसवलं? माह्यावर एवढी दया काहून?"

ती उशीला टेकून होती. माझ्याकडं नवल वाटल्यासारखं पाहत राहिली. म्हणाली, "तुह्यावर? तुह्यासाठी कोणं केलं व? तुले त मी तवा धड ओळखतही नव्हती."

"मग?"

"तुह्या मायसाठी केलं. लोणचं म्हणली ना ते. हरेक मॅचले तुले मैदानात उतरवली का मले वाटे, घे, खाय आता लोणचं. फायनलले त जास्तच वाटलं." तिला धाप लागत होती, पण ती थांबायला तयार नव्हती. "हरल्यावर तुह्याजवळ निरोप देल्ला, तो काय तुले समजवायले होता? तो तिच्या तोंडावर मारला होता मी."

मी चाळीस वर्षं तो निरोप जपून ठेवला होता. कधी मन खचलं तर काढून पाहायचे, की कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं. आणि ही बाई सांगत होती की मी त्यात कोणीच नव्हते, मी एक वाडगा होते, याच्यातून त्याच्यात राग न्यायचा. माझं डोकंच फिरलं. आजारी माणूस आहे, रविवारी दोन घटका बरं बोलायला आलो आहोत, सगळं विसरले. म्हटलं, "म्हणजे एका लोणच्यापायी तू दहा पोरींची वाट लावली. मंदाची, बेबीची, स्वतःची. बाकीच्यायले इचारलं होतं का तू? आणि त्या येड्या अजून तुही पूजा करून राहिल्या." ती म्हणाली, "हो, लावली." एवढंच. मी म्हटलं, "आणि माय त दुसऱ्या दिवशी विसरली होती सारं. तिनं म्हणलं, बसवलं असतं त माहं काय गेलं असतं." चाळीस वर्षं गिळलेलं ते वाक्य मी असं, रागाच्या भरात, तिच्या अंगावर फेकलं. ती भिंतीकडं तोंड करून पडली. प्रज्ञा चहा घेऊन आली होती, मी तो न पिता निघाले. सोमवारी वाटलं फोन करावा. मंगळवारी वाटलं, तिनं करावा. बुधवारी ठरवलं, रविवारी जाऊन पुरतं भांडून येऊ, मग होईल सगळं पहिल्यासारखं. गुरुवारी ती गेली.

पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणासाठी सगळे जमले तेव्हा, टीमच्या पाच जणी आल्या होत्या. एकेकीनं उठून कप्तानाच्या शब्दाची गोष्ट सांगितली. बेबीही बोलली, तिनं फायनलचं नाव काढलं नाही. मला बोला म्हणाले, मी नाही म्हटलं. सगळे पांगल्यावर प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता ही विचारणार, मावशी, त्या दिवशी आईशी काय झालं होतं. मी उत्तर शोधायला लागले. तीच म्हणाली, "मावशी, तुम्ही गेल्यावर आई पहिले लय रडली. मग हसून राहिली होती. म्हणे, आज शोभा माह्यासंग भांडली. बाकी साऱ्यायनं मले माफ करून करून मारून टाकलं, हे एक भांडाले आली. म्हणे, येऊ दे रविवारी, असं उत्तर देतो का शोभा पाहतच राहीन."

"काय उत्तर?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. मी इचारलं, त म्हणे, तुह्या कामाचं नाही."

प्रज्ञाला मी त्यानंतर तीनदा विचारलं आहे. आठव बाई, झोपेत काही बोलली असेल, नागपूरच्या गाडीत काही म्हणाली असेल. नाही म्हणते. आता दर रविवारी मी रामाकोन्याला जाते. लोकांना वाटतं, लेकीला आधार द्यायला जाते. खोलीतली खाट उचलली आहे, तिथं प्रज्ञा मला चटई टाकून देते आणि आपल्या कामाला लागते. मी भिंतीला टेकून बसते आणि कुसुमच्या बाजूनं बोलून पाहते. तिच्या आवाजात, तिच्या शब्दांत, मला चांगलं जमतं ते. कधी ती म्हणते, शोभा, पहिले मायसाठी केलं असन, पण मागून तुह्यासाठीच झालं. कधी म्हणते, सोड आता, तू त लहान होती. कधी नुसती माझा हात धरते. सहा रविवार झाले, दर वेळी ती मला शेवटी माफ करते... आणि दर वेळी मी चिडून उठते, कारण ते उत्तर तिचं नाही. तिचं इतकं गोड असूच शकत नाही.